देवीच्या उजव्या हाताला कोण होतं

"ओरिजिनल आहे ना तुमच्याकडे?" हा प्रश्न मला रोज कोणी ना कोणी विचारतं, आणि पंचवीसेक वर्षं या धंद्यात काढूनही मला कळलेलं नाही की माणसं ओरिजिनल कशाला म्हणतात. काहींना जो फोटो आवडला तो ओरिजिनल वाटतो. काहींना जो भिंतीवर लागला तो. मी 'आहे' म्हणते आणि शोधायला बसते.

रत्नागिरीत राम आळीजवळ एका बोळात आमचा स्टुडिओ आहे. नवरा फोटो काढतो. काढून झाल्यानंतरचं सगळं मी बघते: निवडणं, साफ करणं, छापायला देणं, आणि वर्षांनी कोणी मागायला आलं तर शोधून काढणं. दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा असं सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. मग म्हटलं, एक प्रकरण आहे, ते लिहिते. ते मला अजून नीट समजलेलं नाही, लिहिताना समजलं तर बरंच.

आधी कामाची पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या कॉम्प्युटरवर फोटोंसाठी दोन वेगळे प्रोग्राम आहेत. एक लायब्ररीचा. लाखभर फोटो त्यात तारखेप्रमाणे, गिऱ्हाइकाप्रमाणे लावलेले असतात. दुसरा बाहेरचा एडिटर. माणूस कापून दुसरीकडे लावायचा, मागची भिंत बदलायची, तुटलेला दात भरायचा, अशी मोठी कामं त्यात होतात. नव्या मुली कामाला आल्या की मी त्यांना सांगते, लायब्ररी म्हणजे कोठी आणि एडिटर म्हणजे चूल. तांदळाचा भात होतो, भाताचा परत तांदूळ होत नाही. म्हणून अख्खं पोतं चुलीवर न्यायचं नाही, लागेल तेवढं मापाने काढून न्यायचं.

लायब्ररीतून फोटो एडिटरकडे पाठवताना प्रोग्राम विचारतो: मूळ फोटोच देऊ, त्याची नक्कल देऊ, की तुम्ही इथे केलेल्या सुधारणांसकट नक्कल देऊ? मूळ फोटो द्यायचा नाही, हा आमच्याकडे नियम. नक्कल बाहेर जाते, तिच्यावर काम होतं आणि ती परत येऊन मूळ फोटोशेजारी बसते.

बारीकसारीक कामं मात्र लायब्ररीतच होतात. फोटो उजळ करणं, कडा कापणं, डाव्याचं उजवं करणं. आणि इथेच माणसं गोंधळतात. लायब्ररी ही कामं फोटोवर करत नाही. ती फक्त एक सूचना लक्षात ठेवते, की हा फोटो दाखवताना उजळ दाखव, हा उलटा दाखव. फाइल आहे तशीच राहते, पडद्यावर मात्र सूचनेप्रमाणे दिसते. चष्मा लावून बघावं तसं. चष्मा काढला की पुन्हा पूर्वीचं. फक्त चष्मा लावलाय हे लक्षात असायला हवं.

या पद्धतीचा फायदा पुष्कळ. एका नवरीच्या गालावरचा तीळ मी तिच्या नणंदेच्या सांगण्यावरून सगळ्या फोटोंतून काढला होता. अल्बम गेला आणि चार दिवसांनी नवरीची आई आली. पानं उलटत बसली. मग म्हणाली, "फोटो छान आलेत. फक्त यात आमची मुलगी कुठे आहे?" कोठीत मूळ फोटो होते, तीळ परत दिला. नणंदेचं काय झालं ते माहीत नाही.

उलट अनुभवही आहे. मांडवीकडचा एक जण बोटीवर कामाला. मुलीच्या बारशाला त्याला सुट्टी मिळाली नाही. बायकोने आग्रह धरला म्हणून मी त्याला त्याच्या लग्नाच्या फोटोतून काढून, कपडे बदलून, पाळण्यामागे उभा केला. चांगला बसला. काही वर्षांनी तो दुसऱ्या मुलीचं बारसं ठरवायला स्वतः आला, जुना अल्बम उघडला आणि मला सांगायला लागला की त्या दिवशी किती उकडत होतं आणि आत्या नाव सांगताना कशी अडखळली. मी त्याच्या बायकोकडे बघितलं. तिने डोळ्यांनीच मला गप्प बसायला सांगितलं. मी बसले. पण घरी जाताना मलाच वाटायला लागलं की तो खरंच होता की काय.

आता पालखीचं. गाव मालगुंडच्या रस्त्याला आहे, एवढं पुरे. माणसांची नावं बदलली आहेत.

शिमग्यात आमच्याकडे गावोगाव ग्रामदेवतेची पालखी निघते. देवीची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, पालखीत बांधतात. पालखी गावच्या मधोमध एका दगडी चौथऱ्यावर बसते. त्याला सहाण म्हणतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, गाव 'होय महाराजा' म्हणतो, आणि मग पालखी उठते. या गावात वरची वाडी आणि खालची वाडी अशा दोन वाड्या. गाऱ्हाणं चालू असताना देवीच्या एकेका हाताला एकेका वाडीचा मानकरी उभा असतो. उजव्या हाताचा जो असेल त्याचा खांदा पालखीला पहिला लागतो. बाहेरच्या माणसाला हे बारीकसं वाटेल. ज्याला तसं वाटतं त्याने शिमग्यात गावात जाऊन तसं बोलून दाखवावं.

काही वर्षांपूर्वी दोन्ही वाड्यांचे म्हातारे मानकरी एकाच पावसाळ्यात गेले. त्यांच्या जागी दोन नवे आले. खालच्या वाडीचे शांताराम, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. आणि वरच्या वाडीचे दत्ताराम, चिऱ्याच्या खाणीवर मुकादम. दोघांचा पहिलाच शिमगा. त्या आधी सहाणेवर फोटो काढू देत नसत. त्या वर्षी गावाच्या मुंबईकर मंडळाला कॅलेंडर छापायचं होतं म्हणून परवानगी मिळाली आणि आमच्या नवऱ्याने फोटो काढला. समोरून घेतलेला. मध्ये पालखी, दोन बाजूंना दोघे मानकरी, पांढरे सदरे, डोक्याला फेटे.

फोटो चांगला होता, पण पालखी जरा एका बाजूला होती आणि मोकळी जागा दुसऱ्या बाजूला. मंडळाच्या सेक्रेटरींना देणगीदारांचे फोटो नेमके पालखी होती त्याच बाजूला हवे होते, छापखान्याचा साचा तसाच होता म्हणे. मी लायब्ररीत फोटो उलटा केला. एका क्लिकचं काम. त्यांना मोबाइलवर पाठवला, त्यांनी अंगठा पाठवला.

संध्याकाळी त्यांचा फोन आला, आवाज पडलेला. त्यांच्या आईने फोटो बघितला आणि विचारलं, देवीची नथ उजव्या नाकपुडीत कशी? गावात हे चालणार नाही, काहीही करा पण देवी सरळ करा. बाकी फोटो तसाच ठेवा, जागा जुळली आहे. मग मी सुधारणांसकट नक्कल एडिटरकडे पाठवली, तिच्यातली पालखी कापली, तेवढीच फिरवून परत बसवली, कडा मिळवल्या. नथ डावीकडे आली. सेक्रेटरींची आई समाधानी झाली. कॅलेंडर छापून गावातल्या प्रत्येक घरी गेलं.

देवी फिरवली, मानकरी राहिले. हे माझ्या डोक्यात आलं नाही, सेक्रेटरींच्या आलं नाही, आणि गावातही कोणाच्या आलं नाही. देवी समोर असताना बाजूच्या माणसांकडे कोण बघतो?

पुढचं मला फार नंतर कळलं. दुसऱ्या वर्षी सहाणेवर पालखी बसली आणि दोघा मानकऱ्यांना, कोणी कुठे उभं राहायचं, ते आठवेना. मागच्या वर्षी गर्दीच्या धक्क्याने जाऊन उभे राहिले होते. जुन्या माणसांना विचारलं तर एक म्हणे खालच्या वाडीचा उजवीकडे, दुसरा म्हणे उजवीकडे म्हणजे आपल्या उजवीकडे की देवीच्या? गुरवाला विचारलं. त्याचं म्हणणं, मी डोळे मिटून गाऱ्हाणं घालतो, मला काय विचारता. शेवटी कोणीतरी जवळच्या घरात गेला, भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेऊन आला, आणि दोघे कॅलेंडर बघून उभे राहिले.

दत्ताराम देवीच्या उजवीकडे, शांताराम डावीकडे. तेव्हापासून तीन शिमगे तसेच झाले.

गेल्या वर्षी पावसात दत्ताराम गेले. त्यांचा मुलगा निलेश मुंबईत लिफ्ट दुरुस्तीच्या कामात आहे. यंदाच्या शिमग्याआधी गावाची बैठक झाली. वरची वाडी म्हणाली, बापाच्या जागी मुलगा, म्हणजे निलेश उजवीकडे. तेव्हा खालच्या वाडीतल्या एका म्हातारीने सांगितलं की तिच्या आज्याच्या काळापासून उजवा हात खालच्या वाडीचा आहे. मग कॅलेंडर आणलं. खालच्या वाडीची पोरं म्हणाली, छापलेल्या कागदावर कोण विश्वास ठेवतो, आजकाल काहीही करता येतं. देवीला कौल लावू या, असंही निघालं. गुरव नको म्हणाला. फोटो काढलेला आहे, काढणारा जिवंत आहे, मग देवीला त्रास कशाला? ठरलं असं की स्टुडिओत जाऊन ओरिजिनल बघायचा, आणि त्यात असेल ते दोन्ही वाड्यांनी मान्य करायचं.

म्हणून एका सकाळी तिघं माझ्यासमोर येऊन बसली. शांताराम, निलेश, आणि निलेशची आई सुलोचनाताई. शांतारामांनी येताना वाटेत आईमुलाला चहा पाजला होता, म्हणजे भांडण गावाचं होतं, त्यांच्यात नव्हतं.

त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, तुम्हीच काढलात, कोण कुठे होतं? तो म्हणाला, मी फोकस बघत होतो. आणि बाहेर निघून गेला.

मी लायब्ररी उघडली. दोन फोटो शेजारी होते, एक एडिटरकडून परत आलेला, कॅलेंडरचा, आणि एक मूळ. आधी कॅलेंडरचा दाखवला. मग मूळ मोठा केला. दोन्हीत दत्ताराम देवीच्या उजव्या हाताला.

निलेशने खुर्चीला पाठ टेकली. शांताराम थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "मग तसंच असणार. म्हातारीचं काय खरं." ते उठायलाही लागले. माझंही काम झालं होतं. गोष्ट तिथेच संपली असती.

पण सुलोचनाताईंनी फोटो वायच मोठा करा म्हणून सांगितलं. कॅलेंडरमध्ये नवऱ्याचा चेहरा हरभऱ्याएवढा दिसतो, इथे अख्ख्या पडद्यावर आला. बाई बघत राहिल्या. मला वाटलं, आता रडतील. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि बोट पडद्यावर नेलं, नवऱ्यापासून सरकवत देवीवर.

"ताई, हिची नथ हिकडं कशी?"

मी बघितलं. नथ उजव्या नाकपुडीत होती. शेजारच्या कॅलेंडरच्या फोटोत बरोबर डाव्या. मला क्षणभर काही समजेना. मूळ फोटोत चूक आणि दुरुस्त केलेल्यात बरोबर, असं कसं? आपण चुकीच्या फोटोला मूळ म्हणून बसलोय का? की मुखवटाच त्या वर्षी उलटा बांधला होता? बाई म्हणाल्या, मुखवट्याची नथ घडवलेलीच आहे, ती इकडची तिकडे होत नाही.

मग माझ्या लक्षात आलं. मी त्या दिवशी लायब्ररीत फोटो उलटा केला होता आणि ती सूचना काढलीच नव्हती. मूळ फोटो इतकी वर्षं उलटाच दिसत होता. चष्मा तसाच राहिला होता.

मी त्यांना समजावून सांगितलं. तिघांनी माना हलवल्या. समजलं नसेल तेव्हा माणसं हलवतात तशा. मग मी सूचना काढून टाकली. फोटो पडद्यावर फिरला. नथ डावीकडे आली, आणि दत्ताराम देवीच्या डाव्या हाताला गेले.

मग निलेश म्हणाला, "परत करा." मी केलं. बाप उजवीकडे. "आता काढा." काढलं. बाप डावीकडे.

"म्हणजे तुम्ही बटण दाबाल तसे आमचे बाबा उभे राहणार."

मी लायब्ररी बंद केली आणि ज्या फोल्डरमध्ये फाइल आहे तिथे जाऊन ती थेट उघडली, मध्ये कोणताही प्रोग्राम न घालता. कॅमेऱ्यातून आली तशी. दत्ताराम डावीकडे. तरी निलेशच्या चेहऱ्यावर विश्वास दिसेना, आणि खरं सांगायचं तर माझा स्वतःचाही पुरता बसला नव्हता. एकाच फोटोची तीन रूपं बघितली की तिसऱ्यावर का विश्वास ठेवायचा?

सगळ्यात आधी पटलं ते शांतारामांना. सगळी नोकरी त्यांनी आरशात बघून गाडी मागे घेतली होती. "आरशातला हाय," ते म्हणाले. "आरशात मागच्या गाडीवरची अक्षरं उलटी दिसतात. तसा." मग त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि मनगट पडद्याला लावलं. घड्याळ डाव्या हाताला. फोटोतही आता डाव्या. मी कॅलेंडरचा फोटो पुन्हा दाखवला. त्यात उजव्या. तेही बराच वेळ बघत राहिले. कॅलेंडर वर्षभर त्यांच्या माजघरात होतं, पण स्वतःचं घड्याळ त्यांना दिसलं नव्हतं.

म्हणजे म्हातारी बरोबर होती. उजवा हात खालच्या वाडीचा. शांताराम जिंकले होते, पण त्यांचा चेहरा हरल्यासारखा झाला.

"पण मला आठवतं ना," ते म्हणाले. "मी डावीकडे होतो. दत्ता पलीकडून माझ्याकडे बघून हसला. गाऱ्हाणं चालू होतं आणि हा हसतोय, म्हणून मी डोळे वटारले. मला डावीकडनंच आठवतं."

मी विचारलं, हे पहिल्या वर्षीचं की नंतरच्या? ते सांगता येईना. सुलोचनाताई बायकांच्या घोळक्यात होत्या, त्यांनाही नवरा उजवीकडेच आठवत होता. चार शिमगे त्यांनी डोळ्यांनी बघितले होते, आणि कॅलेंडर वर्षभर दिवसातून कितीदा. त्या म्हणाल्या, चुलीसमोरच होतं, भाकऱ्या भाजताना दिसायचं. मला तो बोटीवरचा आठवला, न गेलेल्या बारशाचा उकाडा सांगणारा.

निलेश आता सरळ होऊन बसला होता. मुंबईत राहिलेला मुलगा, पटकन हिशेब करणारा. त्याने हळू आवाजात सांगितलं की गावाला काही कळायची गरज नाही. आम्ही आलो, ओरिजिनल बघितला, कॅलेंडरसारखाच होता, एवढं सांगायचं. बाबा तीन वर्षं उजवीकडे उभे होते हे तर खोटं नाही? हे बोलताना तो शांतारामांकडे बघत नव्हता.

शांतारामच म्हणाले, "तसंच सांगू. पोराला बापाच्या जागी उभं राहू दे. माझं काय, मला डावीकडची सवय झालीय."

मग ते दोघे माझ्याकडे बघायला लागले, जसं काही मी सही करायची होती. मला हे आवडलं नाही. मी म्हटलं, मी फोटो बघायला दिला, तुम्ही गावात काय सांगायचं ते तुमचं. पण कोणी मला विचारलं तर मी हाच फोटो दाखवणार.

सुलोचनाताई अजून पडद्याकडेच बघत होत्या. निलेशने त्यांना हाक मारली.

"बापाच्या जागीच उभा राहा," त्या म्हणाल्या. "मी कुठं नको म्हणते? पण जागा कुठची ती बघ. पैल्या वर्षी त्यांना कोणी कॅलेंडर दाखवलं नव्हतं. आपल्या पायानं जाऊन उभे राहिले. ती त्यांची."

"आई, तो डावा हात आहे."

"देवीचाच हाय ना?"

निलेश उठला. राग आला होता त्याला, तो लपवायचा त्याने फारसा प्रयत्नही केला नाही. बाहेर जाऊन एका स्कूटरवर टेकून फोन बघत राहिला. शांतारामांनी दोनतीन वेळा वहिनी, वहिनी करून समजावायचा प्रयत्न केला. मग तेही थांबले.

बाईंनी माझ्याकडे फोटोची मोठी प्रत मागितली. कुठली देऊ, असं मी विचारलं. मला वाटतं त्या दिवशी मी विचारलेला तो एकच अडाणी प्रश्न. त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. मी फाइल कॅमेऱ्यातून आली तशी छापायला टाकली. रंगसुद्धा हलवले नाहीत. आकाश पांढरं आलं आणि दत्तारामांच्या अर्ध्या चेहऱ्यावर फेट्याची सावली. एरवी असा फोटो मी गिऱ्हाइकाला देत नाही.

शिमग्यात मी सहसा बाहेरगावी जात नाही, दुकानात काम असतं. यंदा गेले. नवरा कॅमेरा घेऊन सहाणेसमोर, मी बायकांमध्ये सुलोचनाताईंच्या शेजारी. बैठकीत सुलोचनाताईंनी खरं काय ते सांगितलं होतं आणि खालची वाडी खूश होती. वरची वाडी फारशी बोलत नव्हती. ढोल थांबले, पालखी सहाणेवर बसली.

शांताराम पुढे झाले आणि सवयीने जाऊन डावीकडे उभे राहिले.

निलेश त्यांच्या मागून आला. त्याची जागा भरलेली. तो एक क्षण थांबला, आणि उरलेली जागा उजवीकडची होती म्हणून तिथे जाऊन उभा राहिला. तोंडावर काही नव्हतं. मुद्दाम केलं असं मला वाटत नाही, पण खात्रीने सांगता येणार नाही. गुरवाने डोळे मिटले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. लोकांमध्ये कुजबुज सुरू झाली. मी स्वतः समोरून बघत होते, आणि लिहायला लाज वाटते, पण देवीचा उजवा कुठला हे ठरवायला मला माझा हात उचलून बघावा लागला.

खालच्या वाडीतून कोणीतरी ओरडणार असं वाटत होतं. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, मोठा नाही, पण गाऱ्हाण्याच्या मध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"भावोजी, तुम्ही त्या अंगाला."

गुरव थांबला, त्याने डोळे उघडले. शांतारामांनी स्वतःच्या मनगटाकडे बघितलं, मग देवीकडे, आणि निघाले. देवीच्या पुढून जायचं नसतं, म्हणून पालखीला मागून वळसा घातला. निलेशही उजवीकडून मागे गेला. पालखीच्या मागे फुलांच्या माळांचा पडदा होता, तिथलं कोणाला दिसत नव्हतं. एकमेकांना ओलांडून जायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा जास्त लागला. नवऱ्याच्या कॅमेऱ्यातही त्या वेळचं फक्त देवी आणि दोन्हीकडे मोकळी जागा एवढंच आलंय.

मग शांताराम देवीच्या उजव्या हाताला बाहेर आले आणि निलेश डाव्या. निलेशच्या कपाळावर, फेट्याच्या काठापर्यंत, पाची बोटांनी लावलेला गुलाल होता.

गुरवाने दोन्हीकडे एकदा बघून घेतलं, आणि गाऱ्हाणं पुन्हा पहिल्यापासून घातलं.